आधी थोरली

मुकीच्या मागच्या सडातून दुधाऐवजी पिवळट पाणी आणि गुठळ्या आल्या, तेव्हा लेपकाकूंनी बादली बाजूला सरकवली आणि कुणालाही हाक न मारता त्या नुसत्या बसून राहिल्या. दीड महिन्यातली ही तिसरी गाय. आधी बांडी, मग तांबडी, आता मुकी. मुकी जन्मात कधी मोठ्यानं हंबरली नव्हती, म्हणून तिचं नाव मुकी. आजही ती गप्पच उभी होती, फक्त कासेला बोट लागलं की मागचा पाय आखडून घेत होती. कास लाकडासारखी टणक झाली होती आणि हाताला चांगलीच गरम लागत होती. या दुखण्याला दगडी म्हणतात ते काही उगीच नाही.

दुसऱ्या कुणाच्या गोठ्यात दगडी आली असती तर माणूस डॉक्टरला बोलावून मोकळा झाला असता. काकूंची पंचाईत अशी, की त्यांचं नावच लेपकाकू पडलेलं. कोरफडीचा गर, हळद आणि चिमूटभर चुना एकत्र घोटून त्या लेप करत. धार काढून झाली की तो सडांना लावायचा, म्हणजे दगडी त्या कासेकडे फिरकत नाही, अशी त्यांची ख्याती. त्यांचं खरं नाव विचारलं तर मुलगासुद्धा क्षणभर विचारात पडायचा. आणि जिच्या लेपासाठी चार गल्ल्यांतल्या बायका वाट्या घेऊन दाराशी उभ्या राहतात, तिच्याच दावणीला तीन गाई आजारी, हे आता सांगायचं कुणाला?

काकूंची नजर मुकीच्या पलीकडे गेली. तिथे शेवटच्या खुंट्याला पहिलारू उभी होती. पहिल्यांदाच व्यालेली, व्यायला वीस दिवस झालेले. ही जन्मली त्याच्या तिसऱ्या दिवशी तिची आई गेली होती. काकूंनी तिला स्वयंपाकघराच्या दाराशी पोतं अंथरून, बाटलीनं दूध पाजून वाढवलं. स्वतःच्या मुलाचं जेवढं केलं नसेल तेवढं हिचं केलं, आणि हे त्या मुलाच्या तोंडावर सांगायच्याही. पहिल्याच वेताला दगडी झाली तर एखादा सड कायमचा जातो, कधी दोन जातात. अशी गाय कुणी ठेवत नाही. व्यापारी येतो, दोरी सोडतो, आणि तो तिला कुठे नेतो हे कुणी कुणाला विचारत नाही.

“तुला नाही होऊ द्यायची मी,” काकू तिच्याकडे बघून म्हणाल्या. पहिलारू रवंथ करत राहिली. तिला काय, तिचा काकूंवर पूर्ण विश्वास होता.

काकूंच्या कामाला एक शिस्त होती, आणि ती मोडायची घरात कुणाची छाती नव्हती. धारा वयाच्या मानानं. आधी थोरली. थोरली म्हणजे या गोठ्यात आलेली पहिली गाय, आठ वेतांची, शिंगं आत वळलेली, चालताना एखाद्या मुख्याध्यापिकेसारखी सगळ्यांकडे बघत जाणारी. बाकीच्या सगळ्या तिच्याच लेकी आणि नाती. तिच्याआधी दुसऱ्या गाईखाली बादली ठेवायची म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्याला ताटकळत ठेवण्यासारखं, असं काकूंचं मत. थोरलीची धार झाली की स्टीलच्या वाटीत चार बोटं बुडवायची आणि तिच्या चारी सडांना लेप चोपडायचा. मग बांडी. तीच वाटी, तीच बोटं. मग तांबडी, मग मुकी, शेवटी पहिलारू. दहा वर्षं हेच चाललं होतं आणि दहा वर्षं काही बिघडलं नव्हतं.

उलट गेल्या थंडीत तर कमालच झाली होती. गव्हाणीच्या पत्र्याला घासून थोरलीचा एक सड फाटला, दोन दिवसांत कास सुजून टरारली. डॉक्टर म्हणाले, हा सड जाणार. काकूंनी डॉक्टरांना चहा पाजून वाटेला लावलं आणि गोठ्यात बाज टाकली. दिवसातून आठ वेळा लेप, नऊ दिवस. दहाव्या दिवशी सूज उतरली, दूध पांढरंशुभ्र आलं. ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. लोक थोरलीला बघायला आले, तिच्या कासेला हात लावून गेले. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं काकू म्हणायच्या, आणि थोरलीकडे बोट दाखवायच्या.

तेव्हापासून बायकांमध्ये एक समजूत रुजली. ताजा घोटलेला लेप कुणालाच नको असायचा. थोरलीला लावून, सगळ्या दावणीवरून फिरून आलेल्या वाटीत जो उरतो, त्यात गुण असतो म्हणे. संध्याकाळच्या धारा झाल्या की सात-आठ जणी वाट्या, झाकणं, डब्या घेऊन ओट्याशी यायच्या आणि काकू प्रत्येकीला बोटभर लेप द्यायच्या. ही समजूत काकूंनी पसरवली नव्हती. पण खोडूनही काढली नव्हती. आपल्या गाईच्या कासेतून गुण वाहतो हे ऐकायला कुणाला वाईट वाटेल?

मुकीसाठी डॉक्टरांना बोलावलं ते सुनेनं, काकूंना न विचारता. सून लग्नाआधी दूध संकलन केंद्रात दूध तपासायच्या टेबलावर होती. कमी बोलायची आणि जे बोलायची ते मोजून-मापून, त्यामुळे काकूंना ती जास्तच बोलते असं वाटायचं.

डॉक्टरांनी मुकीला इंजेक्शन दिलं, हात धुतले आणि दावणीकडे टोकापर्यंत बघितलं.

“काकू, तीन झाल्या. हे बाहेरून येत नाहीये. इथंच कुठेतरी आहे.”

“इथं म्हणजे? रोज दोनदा गोठा धुते मी. जमिनीवर भात वाढलात तर खाता येईल.”

“जमीन नाही म्हणत मी. एखादी गाय वरून ठणठणीत असते, दूधही साफ दिसतं, पण आत दगडी मुरलेली असते. ती स्वतः पडत नाही, दुसऱ्यांना पाडते.” त्यांनी पिशवीतून चार खळग्यांची एक पांढरी प्लास्टिकची थाळी आणि जांभळ्या औषधाची बाटली काढून सुनेकडे दिली. “एकेका सडाची चार थेंब धार एकेका खळग्यात, तेवढंच हे औषध, आणि थाळी गोल फिरवायची. पाण्यासारखं पातळ राहिलं तर ठीक. दाट झालं, तर तो सड आजारी. सगळ्या तपासा. जी आजारी दिसत नाही तिला तर नक्कीच.”

“तपासते,” सून म्हणाली.

“आणि काकू, तुमच्या लेपाबद्दल माझी काही तक्रार नाही. कोरफड, हळद, चांगल्याच गोष्टी आहेत. फक्त...”

“फक्त काय?”

डॉक्टरांनी काकूंचा चेहरा बघितला. “फक्त चुना जपून,” ते म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेले. त्यांना पुढे काय म्हणायचं होतं ते त्यांच्या पोटातच राहिलं. शहाणा माणूस, पण त्या दिवशी थोडा कमी शहाणा असता तर बरं झालं असतं.

सुनेनं दुपारी बांडी तपासली, तांबडी तपासली. दोघींच्या आजारी सडांचं दूध दाट झालं, त्यात नवल नव्हतं. मग ती थाळी धुऊन थोरलीकडे वळली, तर काकू आडव्या उभ्या.

“हिला काय झालंय?”

“काही झालं नाही म्हणूनच, आई. डॉक्टर म्हणाले...”

“डॉक्टर म्हणाले होते सड जाणार. गेला? या गाईच्या जिवावर आपला गोठा उभा आहे. चार माणसं तिचं नाव घेतात. तिला तू आजारी ठरवणार, त्या जांभळ्या पाण्यानं?”

“ठरवणार नाही, बघणार.”

“माझ्या डोळ्यांना दिसतंय ते पुरे आहे.”

सून म्हणाली, “आई, एक सांगू? रांग बघा. आधी बांडी, मग तांबडी, मग मुकी. ज्या क्रमानं आपण लेप लावतो त्याच क्रमानं गाई पडतायत. आता शेवटी पहिलारूच राहिलीय.”

काकूंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांना जे ऐकू आलं ते असं, की लेपानं गाई पडतायत. ज्या लेपानं त्यांना नाव दिलं, नवरा गेल्यावर चार माणसांत मान दिला, तो लेप. त्या फार बोलल्या. संकलन केंद्रातल्या मुलींना गाय कुठून दूध देते हे तरी माहीत असतं का, इथपर्यंत बोलल्या. सून थाळी पुसून फळीवर ठेवून आत गेली. मुलगा दुधाच्या टँकरवरून दुपारी घरी आला, तेव्हा दोघींनी त्याला वेगवेगळं गाठून आपापली बाजू सांगितली. त्यानं दोघींनाही “तुझं बरोबर आहे” असं सांगितलं आणि तोंडावर टॉवेल घेऊन झोपला. दोन्ही डगरींवर हात ठेवून आयुष्य काढायचं हे त्यानं लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात ठरवलेलं होतं.

पण सुनेचं ते वाक्य काकूंच्या कानातून काही जाईना. शेवटी पहिलारूच राहिलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढताना पहिलारूनं पाय उचलला. काकूंनी कास चाचपली, एकदा, दोनदा, डोळे मिटून. टणक नव्हती. गरम होती की आपलाच हात गार पडलाय, हे कळेना. दूध पांढरं होतं. पण मुकीचंही आदल्या दिवसापर्यंत पांढरंच होतं.

घाबरलेला माणूस जे करतो तेच काकूंनी केलं. जे येत होतं तेच जास्त केलं. लेप दोनदाऐवजी चारदा. चुना चिमटीऐवजी बोटाच्या पेरावर घेऊन. आणि प्रत्येक वेळी, सवयीनं म्हणा, श्रद्धेनं म्हणा, आधी थोरलीला आणि मग रांगेनं पहिलारूपर्यंत. तिसऱ्या दिवशी पहिलारू नुसती वाटी दिसली तरी अंग चोरायला लागली. काकूंची झोप उडाली, जेवण उडालं. भांडी घासताना त्या मध्येच उठून गोठ्यात जायच्या, कासेला हात लावून परत यायच्या. सून बघत होती. एकदा तिनं तोंड उघडलं, पण काकूंनी मान फिरवली.

त्याच संध्याकाळी ओट्याशी टेलरबाई आली होती. पलीकडच्या गल्लीत ब्लाउज, परकर शिवणारी ही बाई, दोन गाई बाळगून होती. गळ्यात अजून मापाची टेप तशीच लोंबत होती. बाकीच्या जणी लेप घेऊन गेल्या तरी ती मागे राहिली.

“काकू, आमची गाय गेली परवा. व्यापारी घेऊन गेला. दोन सड बसले तिचे.”

“अगं, लेप लावत होतीस ना?”

“लावत होते. इथून न्यायचे आणि लगेच लावायचे. मध्ये दोन दिवस लग्नसराईच्या कपड्यांत अडकले, उशीर झाला. माझंच चुकलं असेल.” तिनं झाकण पुढे केलं. “आता दुसरीला तरी जपते.”

“वेळ चुकवू नकोस बाई. औषध वेळेवर गेलं तरच औषध,” काकू म्हणाल्या आणि तिच्या झाकणात इतरांपेक्षा जास्त लेप घातला. टेलरबाई मान हलवून गेली. काकूंना आपण उदार झाल्यासारखं वाटलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धारांच्या वेळेला सून पेंडीचं पोतं आणायला दुकानात गेली होती. पहिलारूनं सकाळी दोनदा पाय झाडला होता, बादली थोडक्यात वाचली होती. काकू गोठ्यात आल्या, लेपाची वाटी कट्ट्यावर ठेवली, आणि त्यांचं लक्ष फळीवरच्या थाळीकडे गेलं. एकदा हिचं तोंड बंद करावं, असा विचार त्यांनी केला. निदान स्वतःला त्यांनी तसं सांगितलं. थोरलीचं दूध पातळ राहिलेलं दाखवायचं, रांगेची ती कुजकी गोष्ट संपवायची, आणि मग पहिलारूच्या पाय झाडण्याचं खरं कारण शोधायचं.

थोरली बादलीची वाट बघत मान वळवून उभी होती. काकूंनी चारी सडांची धार चार खळग्यांत घेतली. औषध अंदाजानं तेवढंच ओतलं. थाळी हातात धरून त्या गोल फिरवू लागल्या. जांभळं पाणी खळग्यांतून वळत होतं. एक फेरा, दोन फेरे, तीन. पुढच्या दोन खळग्यांत ते तसंच वळत राहिलं. मागच्या एकात ते जड झालं. आणि ज्या सडाला गेल्या थंडीत नऊ दिवस जपलं होतं, त्याच्या खळग्यातलं दूध वळायचंच थांबलं. ते मध्यभागी गोळा होऊन अंड्याच्या बलकासारखं थुलथुलत राहिलं.

काकूंनी थाळी धुतली. पुन्हा दूध घेतलं, पुन्हा औषध घातलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी घड्याळाकडे बघत, अगदी सावकाश फिरवलं, जणू हळू फिरवल्यानं निकाल बदलणार होता. गोळा पुन्हा मध्यभागी येऊन बसला. दूध दिसायला मात्र पांढरंशुभ्र होतं. कुणालाही दाखवलं असतं तरी त्यानं चांगलंच म्हटलं असतं.

त्या कट्ट्यावर टेकल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण त्यांनी आयुष्यात शंभर वेळा दुसऱ्यांना ऐकवली होती. सड बरा झाला होता, ते खोटं नव्हतं. पण दुखणं गेलं नव्हतं, आत जाऊन बसलं होतं. आणि तिथून रोज सकाळ-संध्याकाळ त्याला उचलून वाटीत आणि वाटीतून पुढच्या सडावर कोण नेत होतं? काकूंनी आपली चार बोटं समोर धरली. हळदीनं पिवळी झालेली, नखांच्या कडांना चुना सुकलेला. या बोटांचा त्यांना अभिमान होता. आता ती बोटं कुठे पुसावीत हे त्यांना कळेना. बांडीला मी दिलं. तांबडीला मी दिलं. मुकीला मी. आणि गेले तीन दिवस पहिलारूला दिवसातून चार वेळा देतेय, तिला वाचवायला म्हणून.

दुकानातून परतलेली सून नळाचा आवाज ऐकून गोठ्यात आली तेव्हा काकू कोपरापर्यंत साबण लावून हात घासत होत्या. सुनेनं थाळीकडे बघितलं, थोरलीकडे बघितलं, आणि सगळं समजली. ‘मी म्हणत होते ना’ हे चार शब्द तिच्या अगदी ओठांवर असणार. ते तिनं गिळले, याबद्दल तिला जन्मभर काही कमी पडू नये.

“पहिलारूचं बघायचंय,” काकू म्हणाल्या. “तू बघ. माझ्यानं होणार नाही.”

सुनेनं थाळी धुतली, पुसली. पहिलारूच्या अंगावर हात फिरवत, पुटपुटत तिनं एकेक सड पिळला. पहिलारूनं पाय झाडला, काकूंनी तिची मान धरून ठेवली आणि तोंड दुसरीकडे केलं. मागे औषध ओतल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. थाळी फिरवायला एवढा वेळ लागतो का?

“काय गं?”

“थांबा.”

“दाट झालं का?”

“आई, जरा थांबा.”

काकूंनी पहिलारूच्या मानेत कपाळ टेकलं. त्या मनाशी एवढंच म्हणत होत्या, की एक सड जाऊ दे, दोन नको. तीन सडांची मी कशीतरी ठेवीन. व्यापारी दारात आला तर मीच आडवी पडेन.

“पातळ आहे,” सून म्हणाली. “चारी. बघा.”

काकूंनी बघितलं. चारी खळग्यांत जांभळं पाणी निवांत वळत होतं.

“मग पाय का झाडते?”

सुनेनं वाकून सड वळवून दाखवला. कातडीला बारीक भेगा पडल्या होत्या, कडा लाल झालेल्या. “चुन्यानं उललंय. आग होत असणार बिचारीला. अजून चार दिवस असंच चाललं असतं तर या भेगांतून...” तिनं वाक्य तिथेच सोडलं. “पण अजून काही झालेलं नाही. वेळेत कळलं, आई.”

काकूंना रडू आलं. त्यांनी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही, पदर तोंडाला लावून मनसोक्त रडून घेतलं. मग नाक पुसलं, पुन्हा हात धुतले, कोरडे केले, आणि बादली उचलून पहिलारूखाली बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा शेवटच्या खुंट्यापासून सुरुवात.

थोरलीला हे कळायला अर्धं मिनिट लागलं. मग तिनं मान वर करून असा काही हंबरडा फोडला, की पत्रे दणाणले. तिची बादली दुसरीकडे गेली होती. दहा वर्षांत असं झालं नव्हतं. ती दावं ओढत होती, खूर आपटत होती आणि थांबून थांबून ओरडत होती. पहिलारूनं घाबरून पान्हा चोरला. काकू तिला थोपटत, बादलीच्या कडेला बोटं घट्ट धरून बसल्या, आणि थोरलीकडे त्यांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर उठल्या असत्या.

बाहेर ओट्याशी बायका जमायला लागल्या होत्या. त्यांच्या कानावर तो आवाज गेल्याशिवाय कसा राहील?

“काय झालं गं थोरलीला?” कुणीतरी विचारलं.

सून दारापर्यंत जाऊन आली. काकूंजवळ वाकून हळूच म्हणाली, “सहा-सात जणी आहेत. मी सांगते, आज लेप संपला. उद्यापासून आपण सगळं नीट करू. वेगळी वाटी, वेगळं फडकं, थोरली शेवटी. इंजेक्शनं देऊ. कुणाला काही कळायचं कारण नाही, आई.”

सुनेनं हे मायेनं म्हटलं होतं, आणि काकूंना ते पटलंही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पहिलारू वाचली होती. ज्या एका गोष्टीसाठी चार दिवस घशाखाली घास गेला नव्हता, ती मिळाली होती. आता नव्यानं घोटलेला स्वच्छ लेप द्यायला सुरुवात केली, की महिन्याभरात जो तो विसरून जाईल. नाव राहील, लेप राहील. कुणी विचारलंच तर म्हणायचं, थोरलीचं वय झालं.

काकूंनी धार पुरी केली. बादली सुनेच्या हातात दिली. कट्ट्यावरची वाटी उचलून तिच्यातला लेप त्यांनी मोरीत ओतला, वाटी तिथेच टाकली आणि त्या रिकाम्या हातानं बाहेर आल्या.

ओट्याखाली बायका उभ्या होत्या. सगळ्यांच्या हातात काही ना काही होतं. पुढे टेलरबाई, झाकण घेऊन.

“आज लेप नाही,” काकू म्हणाल्या. “आणि घरी नेलेला असेल तो लावू नका. टाकून द्या.”

“का हो काकू? बिघडला?”

“लेप नाही बिघडला. वाटी बिघडली.” त्यांना वाटलं होतं एवढं पुरेल. समोरच्या चेहऱ्यांवरून कळलं की नाही पुरत. त्यांनी दाराची चौकट धरली. “थोरली बरी झालीच नव्हती. तिच्या कासेत दगडी आहे, गेल्या थंडीपासून. मी तिला हात लावायचे, तोच हात वाटीत, तीच वाटी पुढच्या गाईला. माझ्या तीन गाई अशाच पडल्या. आणि वाटीत उरलेलं तुम्हांला द्यायचे.”

आत थोरली पुन्हा हंबरली. एक बाई, जिच्या घरी गेल्या महिन्यात दगडी येऊन गेली होती, आपल्या डबीत बघत राहिली, जणू तिच्यात काही दिसणार होतं.

“म्हणजे इथून नेलेल्या लेपानं...” ती म्हणाली.

“हो. डॉक्टरांना बोलवा सगळ्यांनी. गाई तपासून घ्या. आमच्या सुनेला तपासता येतं, ती येईल. मीही येईन, तुम्ही येऊ दिलंत तर.”

बायका एकेक करून निघाल्या. दोघी काही तरी बोलत होत्या, ते काकूंना ऐकू आलं नाही आणि त्यांनी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. टेलरबाई मात्र तिथेच उभी होती. काकू ओट्याच्या दोन पायऱ्या उतरून तिच्यासमोर आल्या.

“तुझा उशीर झाला नव्हता,” त्या म्हणाल्या. “मी काल तुला बोलले, ते विसर. उशीर झाला तेच बरं होतं. ते दोन दिवस तेवढी सुटली होती ती.”

टेलरबाईनं झाकण एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. गोठ्याच्या उघड्या दारातून शेवटच्या खुंट्याची पहिलारू दिसत होती, आणि तिच्याजवळ बादली घेऊन उभी असलेली सून.

“वाचली वाटतं तुमची?”

काकूंना खोटं बोलता आलं असतं तर त्या आत्ता बोलल्या असत्या. “हो,” त्या म्हणाल्या.

टेलरबाई बराच वेळ तिकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर काकूंना सोसला असता.

“आमची पण पहिलारूच होती,” ती म्हणाली, आणि घराकडे वळली.